खुडूक कोंबडीखाली विकतची पिल्लं कशी सोडावीत, आणि मग कळपात कशी मिसळावीत

परसात चार-सहा गावरान कोंबड्या आहेत, त्यातली एक खुडूक झालीय (म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायला बसलीय) आणि उबवणी केंद्रातून दहा-बारा पिल्लं आणायचा विचार चाललाय, अशा घरासाठी हा लेख आहे. पिल्लं बल्बखालीही वाढवता येतात. पण मग रात्रभर न जाणारी वीज हवी, सारखं डोकावणारं माणूस हवं, आणि दीड-दोन महिन्यांनी ती पिल्लं मोठ्या कोंबड्यांत सोडायची वेळ आली की टोचाटोचीचं वेगळंच प्रकरण उभं राहतं. खुडूक कोंबडी मिळाली तर यातलं बरंचसं काम ती अंगावर घेते. ऊब तर देतेच, शिवाय दाणा कोणता आणि खडा कोणता हे दाखवते, आणि कळपात पिल्लांच्या बाजूने भांडते. हे शेवटचं काम माणसाला करता येत नाही, म्हणून मी तरी खुडूक कोंबडी हाताशी असताना बल्ब लावत नाही.

वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया अशा सुधारित जातींमध्ये खुडूकपणा फारसा उरलेलाच नाही. खुडूक कोंबडी अंडी द्यायची थांबते, त्यामुळे जास्त अंड्यांसाठी निवड करताना हा गुण मागे पडत गेला. वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयातून आली, गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातून; दोन्ही परसात चांगल्या वाढतात, पण त्यांच्याकडून पिल्लं काढून घेण्याची आशा धरू नये. झाबुव्याचं कडकनाथही अंड्यांवर बसण्याच्या बाबतीत कच्चंच. म्हणून दाई म्हणून गावरानच हवी.

कोंबडी खरंच खुडूक आहे का

अंडं घालायला पाटीत बसलेली कोंबडी तास-दीड तासात उठते आणि गाव गोळा होईल इतकं ओरडते. खुडूक कोंबडी उठत नाही. संध्याकाळी बाकीच्या दांडीवर चढतात, ही पाटीतच राहते. हात जवळ नेला की पिसं फुलवून दुप्पट होते, घशातून घर्रर्र असा आवाज काढते आणि चोच मारते. छातीखाली हात सरकवला तर तिथली पिसं झडलेली असतात, कातडी उघडी आणि चटका बसेल इतकी ऊबदार लागते. तुरा फिका पडलेला दिसतो. दिवसातून एखाद्या वेळी उठते, एक भलीमोठी, नाक दाबायला लावणारी शिट टाकते, घाईघाईने चार दाणे टिपते, पाणी पिते आणि परत पाटीत.

खात्री करायची असेल तर दुपारी तिला उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. खरी खुडूक असेल तर अंग फुलवून क्लुक् क्लुक् करत पंधरा-वीस मिनिटांत परत पाटीत येते. बाकीच्यांबरोबर उकिरडा उकरत रमली, तर अजून दोन-चार दिवस वाट बघा.

ती किती दिवसांपासून बसली आहे, हा खरा प्रश्न. खुडूकपणामागे प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक असतं, आणि अंड्यांवर बसण्याच्या मनःस्थितीतून पिल्लं सांभाळण्याच्या मनःस्थितीत यायला कोंबडीला वेळ लागतो. नैसर्गिकरीत्या तो काळ एकवीस दिवसांचा. दोन दिवसांपूर्वी बसलेल्या कोंबडीखाली एकदम चिवचिवणारी पिल्लं सरकवली, तर ती गोंधळते आणि चोच मारू शकते. दोन आठवडे बसून झाले असतील तर बहुतेक वेळा काम होतं. तीन आठवड्यांच्या आसपास सगळ्यात बरं. उलट पाच-पाच आठवडे रिकाम्या पाटीत बसवून ठेवणंही वाईट. त्या काळात ती जेमतेम खाते, हाडांवर येते, आणि अशी खंगलेली कोंबडी पिल्लांमागे धावणार कशी?

निवड असेल तर आधी एकदा तरी पिल्लं वाढवलेली कोंबडी घ्या. पहिल्यांदाच खुडूक झालेली तलंग (कोवळी कोंबडी) कधी उत्तम आई निघते, कधी पिल्लांना बघून पळते; आधी सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही: कळपात तिचा मान कितवा आहे ते बघा. दाणा टाकला की जी पुढे येते आणि जिच्यासाठी बाकीच्या बाजूला सरकतात, ती खुडूक झाली असेल तर निम्मं काम झालं. सगळ्यांचा मार खाणारी कोंबडी आई म्हणून कितीही मायाळू असली, तरी पिल्लांसाठी भांडताना कमी पडते. तिच्या बाबतीत पुढे सांगितलेला जाळीचा काळ जास्त ठेवावा लागतो.

आठवडी बाजारातून "खुडूक आहे" म्हणून विकत आणलेली कोंबडी या कामाला घेऊ नये. पाय बांधून, गाडीवरून आणून, नव्या जागी ठेवलेली कोंबडी हमखास उठते. शिवाय तिच्याबरोबर काय रोग येईल, सांगता येत नाही. बाहेरून आणलेली कोणतीही मोठी कोंबडी निदान तीन आठवडे वेगळी, आणि जमलं तर घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवावी.

पिल्लं येण्याआधीची तयारी

राज्यात पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं खडकी (पुणे), कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत. खाजगी उबवणी केंद्रं तर तालुक्या-तालुक्यात झाली आहेत. पिल्लं सहसा आगाऊ नोंदणीने मिळतात, आणि ती कोणत्या दिवशी निघणार हे तुमच्या नाही, त्यांच्या हातात असतं. म्हणून आधी तारीख घ्या आणि त्या हिशेबाने कोंबडीला बसवून ठेवा. तोवर तिच्याखाली खोटी अंडी चालतात. अंड्याच्या आकाराचे गुळगुळीत गोटेही तिला पुरतात. खरीच अंडी बसवायची असतील, तर पिल्लं घरी येण्याच्या बरोबर एकवीस दिवस आधी बसवा, म्हणजे घरची आणि विकतची एकाच वयाची होतील. अंडी बसवताना काही घरांत पाटीत लोखंडाचा खिळा किंवा कोळसा ठेवतात, विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. ठेवा हवं तर, कोंबडीला त्याचं काही नाही.

कोंबडी उंचावरच्या पाटीत बसली असेल तर तिला जमिनीवर आणावं लागेल. उंचावरून पडलेलं पिल्लू परत वर चढू शकत नाही आणि गारठून मरतं. ही हलवाहलव पिल्लं येण्याआधी निदान आठवडाभर, आणि अंधार पडल्यावरच करा. नवी जागा आडोशाची, कोरडी, बाकीच्या कोंबड्यांना आत येता न येणारी हवी. फुटभर किंवा थोडं मोठं खोकं, तळाला चार बोटं भाताचं तूस किंवा सुका पेंढा, पुढची कड पिल्लाला ओलांडता येईल इतकी बुटकी. भोवतीची जाळी बारीक असावी. साध्या कोंबडीच्या जाळीच्या भोकातून एका दिवसाचं पिल्लू आरामात बाहेर जातं आणि उंदीर आरामात आत येतो. घुशी जमिनीखालून येतात, म्हणून तळाला फरशी किंवा जाळी हवीच.

महिनाभर एकाच जागी बसलेल्या कोंबडीच्या अंगावर उवा आणि बारीक लाल किडे वाढतात. रात्री बॅटरी घेऊन पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसं बाजूला करून बघा. किडे दिसले तर पशुवैद्यकाने सांगितलेली पावडर लावा, जुना पेंढा जाळून टाका. मात्र हे काम पिल्लं येण्याच्या आठवडाभर आधी उरका. पावडर फासलेल्या छातीखाली दुसऱ्याच दिवशी पिल्लं नकोत. राख आणि कोरडी माती मिसळून केलेला खड्डा जवळ असेल तर बाकीचं ती स्वतः लोळून करते.

पिल्लं घरी आल्यावर

पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत. अंड्यातल्या बलकाचा उरलेला भाग पोटात असल्यामुळे पिल्लू दोन दिवस अन्नाशिवाय काढू शकतं, म्हणून तर ती खोक्यात भरून लांबवर पाठवता येतात. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आई कोण हे पिल्लू पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठरवतं. पाच दिवस बल्बखाली राहिलेल्या पिल्लाला कोंबडी म्हणजे एक मोठा अनोळखी प्राणी वाटतो. ते तिच्या हाकेला येत नाही, तिच्याखाली शिरत नाही, आणि मग कोंबडी तयार असूनही उपयोग होत नाही.

खोकं उघडल्यावर आधी पाणी. कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून उथळ ताटलीत ठेवा, ताटलीत गोटे टाका म्हणजे पिल्लं बुडणार नाहीत. प्रत्येक पिल्लाची चोच हलकेच एकदा पाण्याला लावा. एकाने प्यायला सुरुवात केली की बाकीची बघून शिकतात. बेंबी ओली असलेलं, डोळे न उघडणारं, पाय फाकलेलं पिल्लू बाजूला काढा. ते रात्री कोंबडीखाली घालू नका. बाकीची रात्र होईपर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्यात साठ वॅटच्या पिवळ्या बल्बखाली ठेवा. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पसरून चोची वासून धापत असतील तर उकडतंय. मऊ आवाज करत इकडेतिकडे पसरली असतील तर ठीक चाललंय.

एका गावरान कोंबडीखाली किती? साधारण दीड किलोची कोंबडी दहा-बारा पिल्लं नीट झाकते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आठ-नऊच ठेवा. सगळी तिच्या पिसांखाली मावली पाहिजेत, हाच हिशेब. पंधरा आणली आणि तीन बाहेर राहिली, तर तीच तीन सकाळी थंड सापडतात.

ती रात्र

पूर्ण अंधार पडल्यावर, घरची जेवणं उरकली की जा. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही आणि ती शांत असते. बॅटरी असेल तर काचेवर लाल कागद लावा किंवा उजेड भिंतीकडे धरा. सोबत एकच माणूस असू द्या. मुलांना सकाळी दाखवता येईल.

आधी दोनच पिल्लं न्या. पिल्लू तळहातात असं धरा की हाताची पाठ कोंबडीच्या चोचीकडे राहील. ती टोचली तर तुमच्या हाताला टोचेल, पिल्लाला नाही. मागच्या बाजूने, पंखाखालून हात आत सरकवा, दुसऱ्या हाताने एक अंडं काढा, आणि त्याच जागी पिल्लू सोडून हात हळूच बाहेर घ्या. घाई नको. पिल्लू लगेच उबेत शिरतं आणि त्याचा चिवचिवाट थांबतो.

आता पाच-दहा मिनिटं नुसतं ऐका. सुरुवातीला ती घर्रर्र करेल, त्यात काही नाही. थोड्या वेळाने तिचा आवाज बदलतो. घशातून, जेमतेम ऐकू येईल असा, तुटक आणि मऊ, टुक् टुक्. अंग थोडं उचलून पंख सैल करते आणि पिल्लांवर नीट बसते. हा आवाज आला की उरलेली पिल्लं दोन-दोन, तीन-तीन करून सरकवा आणि त्याच हिशेबाने अंडी काढत जा. निम्मी पिल्लं आज आणि निम्मी चार दिवसांनी असा विचार करू नका. पहिल्या पिल्लांची ओळख पटल्यावर नंतर आलेल्या वेगळ्या वयाच्या किंवा वेगळ्या रंगाच्या पिल्लांना कित्येक कोंबड्या परकं मानून मारतात. गावरान पिल्लं तपकिरी पट्ट्यांची आणि विकतची पांढरी-पिवळी असतील, तर सगळी एकाच रात्री खाली गेलेली बरी.

घर्रर्र थांबतच नाही, ती उठून उभी राहते, खाली वाकून टोचते, असं झालं तर पिल्लं काढून घ्या, परत बल्बखाली ठेवा आणि तासाभराने एकदा बघा. तरीही तसंच असेल तर पुढच्या रात्री पुन्हा एकदा, आणि त्यानंतर तिचा नाद सोडा.

पहिली सकाळ

उजाडायच्या आधी तिथे हजर राहा, ही पायरी टाळू नका. रात्रीच्या अंधारात तिने जे अंगाखाली घेतलं, ते सकाळी डोळ्यांनी बघून तिला पत्करायचं असतं. पिल्लं पंखांतून डोकी बाहेर काढतील, एखादं तिच्या पाठीवर चढेल. तिने चोचीने हलकेच टोकलं तर काळजी नको. डोळ्यांजवळचं चमकणारं काहीतरी ती चाचपून बघत असते. पिल्लाच्या डोक्यात जोरात टोच मारणं, पिसं धरून झटकणं, पिल्लू ओरडत पळणं, हे दिसलं की मात्र त्याच क्षणी पिल्लं उचला. अशी कोंबडी अर्ध्या तासात अर्धी पिल्लं मारू शकते.

सगळं ठीक असेल तर बारीक कणीची चिमूट तिच्यासमोर टाका. ती कणी खाणार नाही. चोचीने उचलेल, खाली टाकेल, परत उचलेल आणि टुकटुकटुक अशी घाईची हाक देईल. एक पिल्लू येईल, तिच्या चोचीखालचा दाणा टिपेल, मग दुसरं. हे बघितलं की समजा, पिल्लं आता तिची झाली. उरलेली अंडी किंवा गोटे तेव्हाच काढून टाका, नाहीतर ती परत त्यांच्यावर बसून राहील आणि पिल्लं बाहेर उपाशी.

कोणत्याच कोंबडीने पत्करलं नाही, तर बल्ब आहेच. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला साधारण पस्तीस अंश ऊब, आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी.

दाणा, पाणी, लस

दाण्याचं थोडक्यात. पहिला दिवस कणी किंवा मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं स्टार्टर खाद्य. कोंबडीनेही तेच खाल्लं तर चालतं. ती सध्या अंडी देत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य मात्र पिल्लांच्या चोचीत जाऊ देऊ नका. त्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम खूप असतं आणि त्याने पिल्लांच्या मूत्रपिंडांना इजा होते. पाणी रोज दोनदा बदला, कारण कोंबडी उकरते आणि सगळी माती पाण्यात.

लसीकरणात परसातले लोक कमी पडतात, आणि मानमोडी (राणीखेत रोग) आली की खुराडं चार दिवसांत रिकामं होतं. केंद्रातून पिल्लं घेताना मरेक्स रोगाची लस दिली का, हे विचारून घ्या. ती पहिल्याच दिवशी देतात. घरी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीचीच पहिली लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. दोन आठवड्यांच्या सुमाराला गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहाव्या आठवड्यात देवीची, आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी. नेमक्या तारखा तुमच्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, कारण रोगाच्या साथीप्रमाणे त्यात फरक होतो. लासोटाची बाटली शंभर किंवा जास्त मात्रांची येते आणि एकदा पाण्यात कालवली की तास-दोन तासांतच वापरावी लागते. तुमच्या बारा पिल्लांसाठी ती आणणं परवडत नाही, म्हणून वाडीतल्या चार घरांनी एकत्र दिवस ठरवावा. बाटली दवाखान्यापासून घरापर्यंत बर्फात यायला हवी. खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

लस रात्री द्या. दिवसा आई डोळ्यांवर उडी मारते. रात्री एकेक पिल्लू तिच्याखालून काढायचं, थेंब टाकायचा, थेंब आत जाईपर्यंत धरायचं आणि परत खाली.

कळपाशी ओळख

पिल्लं वेगळीच बरी असं म्हणून बरेच जण आई आणि पिल्लांना महिनाभर कोंडून ठेवतात. माझ्या मते इथेच काम अवघड होतं. कळपात प्रत्येकीची जागा ठरलेली असते, ही उतरंड रोजच्या टोचाटोचीतून टिकते, आणि जी कोंबडी महिना-दोन महिने दिसत नाही तिला परत आल्यावर नव्याने भांडावं लागतं. तीन आठवडे ती अंड्यांवर बसलेली होतीच. त्यात आणखी महिना घातला तर बाकीच्यांसाठी ती परकी होते.

म्हणून पहिले चार-पाच दिवस आई-पिल्लांना जाळीच्या आड, पण कळपाच्या नजरेसमोर ठेवा. अंगणात मोठं डालगं किंवा जाळीची चौकट घालून त्यात ती दिवसभर राहिली तर उत्तम. बाकीच्या कोंबड्या येतील, मान वाकडी करून बघतील, जाळीवर टोचतील, कंटाळून जातील. डालग्याबाहेर थोडा दाणा टाकत जा, म्हणजे दोन्ही बाजूंना शेजारी शेजारी खाण्याची सवय होते.

पाचव्या-सहाव्या दिवशी बाकीच्या पोट भरून सावलीला बसल्या असतील अशा वेळी डालगं उचला. सकाळी उपाशी कळपात पिल्लं सोडू नका. पहिली पाच मिनिटं आरडाओरडा होईल. एखादी उत्सुक कोंबडी पिल्लाजवळ जाईल आणि आई पंख जमिनीला घासत, मान फुगवून तिच्यावर तुटून पडेल. होऊ द्या. दोघी छातीला छाती भिडवतील, दोन-चार पिसं उडतील आणि संपेल. इथे काठी घेऊन मध्ये पडलात तर निकाल लागत नाही आणि तेच भांडण उद्या परत होतं. रक्त निघालं, किंवा दोघी-तिघी मिळून आईला कोपऱ्यात घेत असतील, तरच हात घाला. मग त्यातली मुख्य भांडखोर दोन-तीन दिवस वेगळ्या खुराड्यात ठेवा. परत आल्यावर तीच नवखी असते आणि तिचा तोरा उतरलेला असतो.

पहिल्या दिवशी तासभर पुरे, मग दर दिवशी वेळ वाढवा. रात्री आठवडाभर तरी आई-पिल्लं त्यांच्या जमिनीवरच्या जागेतच झोपू द्या.

कोंबड्याची भीती नवीन लोकांना फार असते. बहुतेक कोंबडे पिल्लांकडे लक्ष देत नाहीत, काही तर त्यांना दाणा दाखवतात. तो आईच्या मागे लागून पिल्लांवर पाय देतोय असं दिसलं तर मात्र त्याला काही दिवस बाहेर काढा.

खरा शत्रू वरून येतो. पहिले चार आठवडे घार, आणि कावळाही. मोकळ्या अंगणापेक्षा झाडाखाली, तुरीच्या ओळीत, मांडवाखाली पिल्लं सुरक्षित राहतात. घार दिसताच आई एक लांब, घोगरा आवाज काढते आणि पिल्लं जिथे असतील तिथे आडोशात घुसतात. आडोसाच नसेल तर तिच्या आवाजाचा काय उपयोग? जागोजागी फळ्या, टोपल्या, काट्यांच्या फांद्या ठेवा. मुंगूस दिवसाही येतं, बोक्याची वेळ संध्याकाळची, म्हणून दिवे लागायच्या आत पिल्लं मोजून आत घ्या.

पिल्लांच्या दाण्याची जागा पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. फळांचा प्लास्टिकचा क्रेट उलटा करून चार विटांवर असा ठेवायचा की पिल्लू खालून आत जाईल, मोठी कोंबडी नाही. आत स्टार्टर. सुरुवातीला आई बाहेर अस्वस्थ होऊन फिरते, दोन दिवसांत तिला सवय होते. हाच क्रेट मारापासून लपायची जागाही होतो आणि पुढच्या टप्प्यात फार उपयोगी पडतो.

आई झिडकारते तेव्हा

सहा ते दहा आठवड्यांच्या दरम्यान कधीतरी कोंबडीचा तुरा परत लाल होतो. एक दिवस ती दांडीवर चढून झोपते, पिल्लं खाली ओरडत राहतात. मग ती अंडं घालायला लागते आणि दाण्यावर स्वतःच्याच पिल्लांना टोचते. ती दुष्ट झालेली नसते. तिचं काम संपलेलं असतं. पण पिल्लांसाठी कळपातला हा दुसरा प्रवेश आहे, आणि पहिल्यापेक्षा अवघड, कारण आता बाजू घेणारं कुणी नाही. नवीन लोक नेमके याच वेळी गाफील असतात. पिल्लं मोठी दिसतात ना, म्हणून.

त्या आठवड्यांत दाणा तीन ठिकाणी टाका आणि पाण्याची भांडीही दोन करा, म्हणजे एकीला सगळ्यांना अडवता येणार नाही. क्रेट काढू नका. पिल्लं त्याखालून जाईनाशी होईपर्यंत राहू दे. खुराड्यात एक बुटकी दांडी वाढवा, कारण वरच्या दांडीवर त्यांना कुणी बसू देत नाही. पिल्लांनी एकत्र गट करून राहणं हे चांगलं लक्षण. एखादं एकटं, कोपऱ्यात, पिसं फुगवून, डोळे मिटून उभं असेल तर तो टोचाटोचीचा प्रश्न नाही, आजार आहे.

त्यातला सगळ्यात नेहमीचा म्हणजे रक्ती हगवण. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येते, पावसाळ्यात जास्त. शिटेत रक्त किंवा तांबूस चिकट पदार्थ दिसला की शिटेचा नमुना घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा. औषध पाण्यातून देतात आणि वेळेत दिलं तर बहुतेक वाचतात. ओलं तूस हे तिचं घर, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दर दोन दिवसांनी तूस हलवायचं आणि ओला भाग फेकायचा. निवड हातात असेल तर पिल्लं दसऱ्यानंतर आणा. एप्रिल-मेचा उन्हाळाही टाळा. तेव्हा कोंबडी स्वतःच धापत असते.

आई नसलेली पिल्लं मिसळायची असतील तर

बल्बखाली वाढलेली पिल्लं आठ आठवड्यांच्या आत मोठ्या कळपात सोडू नका. दोन आठवडे जाळीआड शेजारी ठेवा, मग एका संध्याकाळी बाकीच्या दांडीवर गेल्यावर त्यांना बुटक्या दांडीवर बसवा. एकटं पिल्लू कधीच नाही. निदान चार-पाच एकदम. सकाळी खुराडं नेहमीपेक्षा लवकर उघडा आणि सगळ्यांना मोकळ्या अंगणात जाऊ द्या, कारण बंद खुराड्यात मार खाणाऱ्याला पळायला जागा नसते. भाजीचा पाला दोरीला बांधून टांगला तर मोठ्या कोंबड्यांच्या चोची तिकडे गुंततात. जखम झालेलं पिल्लू ताबडतोब वेगळं करा, कारण लाल रंग दिसला की सगळ्या तिथेच टोचतात. जखमेवर हळद लावून ती पूर्ण सुकल्यावर, आणि शक्य असेल तर आणखी एका पिल्लाच्या सोबतीने, रात्रीच परत दांडीवर बसवा.

साधारण पाचव्या महिन्यात तलंगांचे तुरे लाल व्हायला लागले आणि त्या पाटीत डोकावायला लागल्या की त्यांना लेअर खाद्यावर आणा, आणि पाट्या एक-दोन वाढवा. कमी पाट्या असतील तर दोघी-तिघी एकीत घुसून अंडी फोडतात.